मातीने धरून ठेवलेले

"ते दे गं... ते... अंगावरचं," नवनाथ म्हणाला.

"चादर?" सारिकाने विचारले.

"हां, चादर." तो ओशाळून हसला.

खाटेशेजारी घरगुती डायलिसिसचे यंत्र घरघरत होते. मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून ते दिवसाआड त्याचे रक्त शुद्ध करी. त्याला लागणारे पाणी डोंगरातल्या झऱ्याचे.

"असं कधीपासून होतंय, वहिनी?" सारिकाने भावजयीला विचारले.

"पंधरवडा झाला. शब्दच सापडत नाही म्हणतात. काल लेकीचं नाव आठवेना."

सारिकाने यंत्राच्या पाण्याच्या नळीकडे पाहिले. ती मृदाशास्त्रज्ञ होती.

महाबळेश्वरजवळचे हे पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे. पावसाने धुपून तिथली माती आम्लधर्मी झालेली. वर्षानुवर्षांच्या पालापाचोळ्यातून उतरलेली सेंद्रिय द्रव्ये या मातीत अॅल्युमिनियमला घट्ट चिकटून बसली होती; पिकांना ती मिळत नव्हती. ही पकड सैल करणारा जिवाणू सारिकाने घडवला होता. नाव ठेवले 'मृद्मोचक'. गेल्या हंगामात सगळ्या गावाने तो शिंपला आणि खताविना स्ट्रॉबेरीचे वाफे लालभडक झाले. सर्वांत आधी चाचणीसाठी स्वतःचे वाफे दिले ते नवनाथने, बहिणीवरच्या विश्वासाने.

तिने फळे तपासली होती, झराही तपासला होता. मातीतून सुटून पाण्यात उतरलेले अॅल्युमिनियम पिण्याच्या मर्यादेत होते. धडधाकट माणसाचे शरीर ते बाहेर टाकते. नवनाथचे रक्त मात्र दर वेळी पिंपभर पाण्याच्या संपर्कात येत होते.

यंत्राच्या गाळणीतून बाहेर येणाऱ्या नळीतले थेंब तिने अॅल्युमिनियम दाखवणाऱ्या तपासपट्टीवर टाकले. पट्टी गडद निळी झाली. एकटा धातू गाळणीत अडकला असता; मातीतून त्याच्यासोबत सुटलेली पानांची द्रव्ये त्याला वेढून आरपार घेऊन जात होती, रक्तात आणि तिथून मेंदूत.

तिने यंत्र बंद केले. वहिनीने तिचा हात धरला. "अंगात पाणी साठेल त्यांच्या."

"चालू ठेवलं तर बोलणं जाईल. मग बाकीचंही."

"मग करू काय मी?"

"वाईच्या दवाखान्यात नेऊ," सारिका म्हणाली. तिने जीप काढली.

घाट उतरताना नवनाथने विचारले, "तुझ्या... त्या औषधानं?"

"हो, दादा."

तो बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. शब्द मिळेना, तेव्हा त्याने नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

वाईच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ पाण्यावर डायलिसिस सुरू केले. "रक्तातला धातू औषधानं निघेल. मेंदूचं सांगता येत नाही. तुमचा जिवाणू थांबवता येईल?"

"नाही. पाणी जाईल तिथं तो जाईल."

झरा नदीला मिळत होता आणि नदीकाठच्या गावांत अशी कितीतरी यंत्रे होती. डॉक्टरीणबाई त्या घरांचे एकेक नंबर सांगू लागल्या. सारिकाने पहिला फोन लावला. एका बाईने उचलला.

"दवाखान्यातून बोलतेय. तुमचे यजमान हल्ली बोलताना अडखळतात का?"

"हो," बाई म्हणाली. "पण तुम्हाला कसं कळलं?"