उतरायला घाबरणारा माणूस

आमची पहिली नजरानजर झाली तेव्हा तो माझ्याकडे पाहून हसला आणि विमानातून उडी मारून निघून गेला.

त्यात त्याची काही चूक नव्हती. उड्या मारणं हे त्याचं काम होतं, आणि माणसांना दहा हजार फुटांवर नेऊन सोडणं हे माझं. शहराबाहेरच्या त्या छोट्या धावपट्टीवर मी नुकतीच वैमानिक म्हणून रुजू झाले होते. पत्र्याचं एक हँगर, त्यात जुनाट गालिच्यावर गुडघे टेकून पॅराशूटच्या घड्या घालणारी माणसं, बाहेर गुडघाभर गवत, आणि मागच्या खुर्च्या काढून टाकलेलं एक लहानसं विमान. एवढाच सगळा संसार. हौशी लोक सुट्टीच्या दिवशी यायचे, एकेका शिक्षकाच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधले जायचे, आणि वर गेल्यावर देवाचं नाव घेत दाराबाहेर पडायचे. त्यांच्यासोबत तोही पडायचा, हवेत त्यांचं चित्रीकरण करायला. त्याच्या हेल्मेटवर मधोमध कॅमेरा बसवलेला असे, अगदी कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. म्हणून सगळे त्याला तुरेवालाच म्हणत.

पहिल्या फेरीत तो माझ्या शेजारी, जिथं दुसरी खुर्ची असायची तिथं, खाली मांडी घालून बसला होता. वर पोचेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. दार उघडलं, गार वारा भसकन आत घुसला, पहिली जोडी गेली, दुसरी गेली... आणि तिच्यासोबत दाराच्या कडेला लोंबकळत त्यानं मान वळवली, हसला, आणि दिसेनासा झाला.

मग मी दोरी ओढून दार लावलं. आत एकदम पोकळ वाटायला लागलं. इतकी माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि आता नुसती मी.

घरी गेल्यावर बाबांना हे सांगितलं. बाबांनी आयुष्यभर बस चालवली. ते म्हणाले, शेवटच्या थांब्यानंतर रिकामी बस आगारात न्यायची म्हटलं की त्यांना करमायचं नाही, म्हणून ते मोठ्यानं गाणी म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून मीही गायला लागले. तिथं ऐकायला होतं कोण?

तुरेवाला हळूहळू बोलता झाला. इंजिनाचा आवाज एवढा, की बोलायचं तर कानाशी यावं लागायचं. तो हेल्मेट काढून, जरासा उठून, माझ्या कानाशी येऊन सांगायचा आणि मी समोर बघत ऐकायचे. वर चढायला साधारण पाव तास लागतो. तेवढ्यात एक गोष्ट. ती पुरी झाली नाही तर तो तशीच अर्धवट टाकून उडी मारायचा आणि मला पुढच्या फेरीची वाट बघायला लावायचा. हे तो मुद्दाम करत असे, असा माझा संशय होता... आणि तो बरोबर होता.

त्यानं मला त्याच्या आवडत्या उड्या सांगितल्या. एकदा तो ढगावर पडत असताना खाली पांढऱ्यावर एक पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसलं, आणि त्याच्या बरोबर मधोमध त्याची स्वतःची सावली, हात पसरलेली. जवळ जाता जाता ती मोठी होत गेली आणि तो तिच्यातच शिरला. एकदा वाटेत पावसानं गाठलं. तेव्हा त्याला कळलं, की तिथं पाऊस खालून लागतो. आपण थेंबांपेक्षा जोरात पडत असतो ना! हनुवटीला, नाकाच्या शेंड्याला सुया टोचतात, आणि पाठ मात्र कोरडी.

पण त्याची सगळ्यात लाडकी उडी दुसऱ्याच कुणाची होती. एक नवराबायको आले होते, दोघांनाही ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. छत्र्या उघडल्यावर बाकीचे सगळे एकमेकांना हाका मारमारून घसा बसवून घेतात. हे दोघं मात्र दोन छत्र्यांखालून हातांनी निवांत गप्पा मारत उतरले. ती काहीतरी चिडवत होती, तो लाजत होता. ते काय बोलत होते हे तुरेवाल्याला कळलं नाही. खाली आल्यावर त्यानं विचारलंसुद्धा नाही.

“का?” मी विचारलं.

“त्यांचं खाजगी होतं,” तो माझ्या कानाशी म्हणाला, आणि माझा कान उगीचच गरम झाला.

पुढे एका गिऱ्हाईकानं तक्रार केली. पैसे आम्ही आमच्या उडीचे दिले, मग चित्रफितीत सुरुवातीला आम्ही सोडून विमानाची खिडकी का? उस्तादांनी जुन्या फिती काढून पाहिल्या. उस्ताद म्हणजे आमचे मालक आणि सगळ्यांचे गुरू, पिकलेल्या मिशांचे आणि इंजिनावर मात करणाऱ्या आवाजाचे. सगळ्यांच्या देखत त्यांनी तुरेवाल्याला विचारलं, की बाबा रे, दर वेळी तू पाठीवर पडत वर काय बघत असतोस? तुरेवाला म्हणाला, पंख तपासतो. गालिच्यावर बसलेली माणसं खाली मान घालून हसायला लागली. मी मात्र इंधन भरायला म्हणून बाहेर सटकले. इंधन सकाळीच भरलेलं होतं.

मग एक दिवस वर गेल्यावर ढग दाटून आले. खालची जमीनच दिसेना. पाहुण्यांना घेऊन परत फिरायचं ठरलं. मी दार बंद करायला सांगणार, तेवढ्यात तुरेवाला घाईघाईनं त्या फेरीला सोबत आलेल्या उस्तादांच्या कानाशी काहीतरी बोलला. उस्तादांनी कपाळाला हात लावला, ढगात एक फट दिसेपर्यंत मला घिरट्या घालायला लावल्या, आणि त्या फटीतून तो एकटा उडी मारून गेला.

मला राग आला. खाली आल्यावर मी त्याला गाठलं आणि हा कसला आगाऊपणा म्हणून विचारलं. तो छत्री गोळा करत होता. बराच वेळ गोळाच करत राहिला. मग म्हणाला, “मला विमानात बसून खाली उतरवत नाही.”

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा उतरला होता. शाळेत असताना मामाबरोबर तो पहिल्यांदा विमानात बसला होता. उतरताना चाक फुटलं. कुणाला साधं खरचटलं नाही; मामा तर टाळ्या वाजवत होता. पण तो आवाज आणि ते घासत जाणं त्याच्या अंगात जे शिरलं ते बाहेर आलंच नाही. तेव्हापासून तो लांबच्या प्रवासाला आगगाडीनं जायचा. आणि उड्या मारायला लागल्यावर दोन हजारांहून जास्त वेळा विमानानं वर गेला, पण विमानात बसून खाली एकदाही आला नाही.

“लोकांना वाटतं, मी फार धाडसी,” तो म्हणाला. “कुणाला सांगू नका हं, कॅप्टन.”

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तो दारातून गेला की मी आधी त्याची निळी-केशरी छत्री शोधायचे, आणि ती उघडली की मगच गायला लागायचे.

थंडी सरता सरता मला फोन आला. एका मोठ्या विमान कंपनीनं मला निवडलं होतं. प्रवासी विमान, सहवैमानिकाची जागा. पण मुक्काम समुद्रापलीकडच्या शहरात. याच्यासाठी तर मी तासन् तास ते रिकामं विमान वरखाली केलं होतं. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्यांना उठवून सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आणि तुझं तोंड असं का गं?”

मी म्हटलं, काही नाही, दमलेय.

तुरेवाल्याला बातमी उस्तादांकडून कळली. मी स्वतः सांगायचं ठरवत होते, रोज ठरवत होते... त्यानं येऊन अभिनंदन केलं. नीट, सभ्यपणे, चारचौघांत करतात तसं. त्यानंतर वर चढताना तो गोष्टी सांगेनासा झाला. हेल्मेट डोक्यावरच ठेवून बसायचा. मलाही कशाला विचारावंसं वाटेना. जायचं ज्याला त्यानं दुसऱ्याला काय विचारायचं?

माझा तिथला शेवटचा दिवस आला. ऊन कललं होतं, गवत पिवळंधमक दिसत होतं. अखेरच्या फेरीला पाहुणे नव्हते. दोन जुने गडी हौसेनं उडी मारणार होते, आणि तुरेवाला नुसताच आला होता, कॅमेऱ्याशिवाय. उस्ताद खाली दुर्बीण आणि वायरलेस घेऊन बसले होते.

वर पोचलो. दार उघडलं. पहिला गेला, दुसरा गेला. मी समोर बघत राहिले. त्या दिवशी मला त्याला जाताना बघायचं नव्हतं. मग दार लागल्याचा आवाज आला, आणि मी दोरी तर ओढली नव्हती.

मागे वळून पाहिलं. तो दाराला पाठ लावून उकिडवा बसला होता, पांढराफटक. मग सरपटत माझ्या शेजारी आला, बसला, आणि विमानाच्या तळाला लावलेला पट्टा कमरेला बांधायला लागला. दोनदा चुकला.

“काय झालं? काही बिघडलंय का?” मी विचारलं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी इंजिन मंद केलं. वारा नुसता पंखांवरून सळसळत होता.

“इतकं शांत असतं इथं?” तो म्हणाला.

“तुम्ही सगळे गेलात, की असतं.”

त्यानं पट्टा एकदा ओढून पाहिला. “तुम्ही चाललात तिथं आगगाडी जात नाही. मी चौकशी केली. बोटीनं जायचं तर माझी सगळी सुट्टी पाण्यातच संपेल. म्हणजे विमानानं यावं लागणार. आणि विमानानं आलो तर... उतरावं लागणार.” त्यानं माझ्या खुर्चीचा पाय धरला. “म्हटलं, पहिली शिकवणी ओळखीच्या माणसाकडे घ्यावी.”

मला समोरच्या तबकड्यांवरचे आकडे दिसेनात. तरी जिभेवरचा आगाऊपणा काही जाईना.

“कुणाला भेटायला येणार आहात तिकडे?”

“कॅप्टन, मी आधीच घाबरलोय.”

“उत्तर मिळाल्याशिवाय मी विमान उतरवणार नाही.”

“मग नका उतरवू,” तो म्हणाला, आणि पहिल्या दिवसासारखा हसला. मग हसू मावळलं. “तुम्हाला भेटायला. जाऊ नका असं म्हणायला मी आलेलो नाही. तुम्ही जा, मोठं विमान चालवा. फक्त... दमून घरी आल्यावर कधी कुणी दारात उभं असेल, तर तो मी असावा. एवढंच.”

वैमानिकाला डोळे भरून यायची मुभा नसते. मी बाहीनं एकेक डोळा पुसला.

“आधी ते तुम्ही-तुम्ही बंद कर,” मी म्हणाले.

“तू केलंस की करतो.”

“मी आत्ताच केलं.”

तेवढ्यात वायरलेसवर उस्ताद खरखरले. त्यांना दोनच छत्र्या दिसत होत्या. तिसरी कुठं आहे, असं ते विचारत होते, आणि त्यांचा तो दांडगा आवाज चक्क कापत होता.

“तिसरा माझ्याजवळ आहे,” मी सांगितलं. “सुखरूप. खाली येतोय माझ्याबरोबर.”

मग उस्ताद एवढंच म्हणाले, “सावकाश आण.”

मी सावकाश आणलं. एकेक गोष्ट त्याला सांगत आणलं. आता वळतोय. आता कुंपण दिसेल. आता जमीन जवळ येतेय असं वाटेल, तर ती येऊ दे. आता एक धक्का, एकच. तो माझ्या खुर्चीचा पाय धरून डोळे घट्ट मिटून बसला होता, आणि प्रत्येक वाक्याला शहाण्या मुलासारखं “बरं” म्हणत होता. चाकं टेकली ती अशी, की दुधावरची साय मोडू नये. तसं मला पुन्हा कधी जमलेलं नाही.

“टेकलो?” डोळे मिटलेलेच.

“केव्हाच.”

उस्तादांनी आम्हा दोघांना विमानाशेजारी उभं करून असं झाडलं, की हँगरमधली माणसं काम टाकून बाहेर आली. न सांगता आत राहिला म्हणून त्याला, आणि लगेच कळवलं नाही म्हणून मला. बोलून दमल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नाक शिंकरत आत निघून गेले.

मी गेले. नवं शहर, परीक्षा, सराव, रात्रंदिवस अभ्यास. रोज त्याचा फोन यायचा. अर्धवट गोष्ट सांगून मुद्दाम ठेवून द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुरी करायचा. मग एके दिवशी त्यानं तिकीट काढल्याचं सांगितलं, आणि फोनवर त्याचा श्वाससुद्धा घाबरा वाटला.

मी ड्यूटी संपवून गणवेशातच बाहेर येण्याच्या दाराशी उभी राहिले. सगळे उतारू येऊन गेले. बॅगा संपल्या. तो दिसेना. आता मात्र मी टाचा उंचावून आत डोकावायला लागले... आणि मग तो दिसला. सदरा घामानं चिंब, केस कपाळाला चिकटलेले. एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या आजींनी त्याचा हात धरून त्याला आणलं होतं. की त्यानं त्यांचा धरला होता, कळायला मार्ग नव्हता.

आजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग मलाच दोन शब्द सुनावले. मुलगा गुणी आहे, पण जीव चिमणीएवढा. उतरताना त्यानं त्यांचा हात असा दाबून धरला की बांगडी रुतली. अशाला एकटं विमानात पाठवतात का? तो लाजून पायांकडे बघत हसत होता.

“तुझा कोण गं हा?” आजींनी विचारलं.

“माझाच आहे, आजी,” मी म्हणाले, आणि त्यांच्या हातातून त्याचा हात माझ्या हातात घेतला.