अकरा नंबरची नोंद

“ताई, मी माणूस मारला गं.”

धाकट्या बहिणीचा फोन येताच ताई ऑफिसात लिहीत असलेला कॉम्प्युटर प्रोग्राम तसाच टाकून हॉस्पिटलकडे धावली.

धाकटी नर्सेसच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. अकरा नंबरच्या पेशंटला ॲलर्जी असलेलं इंजेक्शन तिच्या हातून गेलं होतं. तो बेशुद्ध होता. चार वाजता चौकशी, मग पोलीस.

“स्क्रीनवर ॲलर्जी दिसली नाही?”

“नाही. कालच मी भरली होती. आता कॉम्प्युटर म्हणतो, मीच खोडली.”

“खोडलीस?”

“दुसऱ्याच पेशंटची. त्याला ॲलर्जी नसताना त्याच्या रेकॉर्डवर लागली होती. हे तुलाच सांगतेय. माझं कोण ऐकणार?”

“नव्या पेशंटचं रेकॉर्ड कसं बनतं?”

“आधीच्याची कॉपी काढून नाव बदलतात.”

ताईला काहीतरी उमगलं; ती धाकटीला घेऊन चौकशीच्या खोलीकडे निघाली.

चौकशीत कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखाने सगळ्यांसमोर कॉपी काढली आणि तिच्यातली ॲलर्जी खोडली. मूळ रेकॉर्ड जसंच्या तसं राहिलं.

“सहा महिने प्रोग्रामला कुणी हात लावलेला नाही,” तो म्हणाला.

धाकटीने डोळे मिटले.  तरी ताई बोलली, “हिने दुसऱ्या पेशंटची ॲलर्जी खोडली होती...”

“बाराची खोडली तर अकराची कशी जाईल?”

ताई थबकली. “बारा? हा आकडा तर हिने मलाही सांगितलेला नाही. कॉम्प्युटरच्या नोंदीतही फक्त अकरा आहे. तुम्हाला कुठून कळला?”

प्रमुख स्क्रीन बंद करायला वळला.

“मी सांगते. कॉपीत नाव नवं बनायचं, ॲलर्जीची यादी नवी बनतच नव्हती. दोन्ही रेकॉर्डं एकाच यादीकडे बोट दाखवायची. बारातून खोडलं, अकरातून गेलं, आणि यादी मुळात अकराची म्हणून ठपकाही तिथलाच. आज तुम्ही गुपचूप यादी वेगळी बनवलीत. कालचा बॅकअप, प्रोग्रामची जपून ठेवलेली प्रत, उघडा.”

हॉस्पिटलच्या अधीक्षक बाईंनी तो उघडायला लावला. एकातून खोडलं, दोन्हींतून गेलं.

“ही चूक महिन्यापूर्वीच लक्षात आली होती,” प्रमुख पुटपुटला. “उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो. आज घाबरलो.”

धाकटीने फक्त विचारलं, “अकरा नंबर?”

“अजून शुद्धीवर नाही,” अधीक्षक बाई म्हणाल्या.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर त्या पेशंटची बायको बसली होती. धाकटी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“इंजेक्शन मी दिलं होतं.”

बायकोने वर पाहिलं. मग शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. धाकटी त्या जागेवर बसली.