कोरी चिठ्ठी

आपली बायको मथुरा गेली, हे उमेशला तारिहाळच्या कारखान्यात लेथवर काम करत असताना फोनवर कळलं. मशीन बंद करायचंही त्याला सुचलं नाही. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, "देअर इज अ गुड चान्स." तेवढं इंग्रजी त्याला येत होतं. म्हणूनच तिला दवाखान्यात ठेवून तो कामावर आला होता.

त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. आता सुपरवायझरच्या जागेसाठी इंग्रजीत मुलाखत होणार होती, म्हणून तो मळमड्डीतल्या एका क्लासला गेला... आणि दारातच शिकवणाऱ्या बाईंवर आदळला. त्यांच्या हातातली गिरमिटची, म्हणजे भेळीसारख्या चुरमुऱ्यांची, पुडी उडाली. चुरमुरे पायरीभर.

"अय्यो! एवढी कसली हो घाई?"

"सॉरी मॅडम. दुसरं आणून देतो."

"शिकायला आलात ना? मग हे इंग्रजीत सांगा बघू."

तो चुरमुरे गोळा करायला वाकला. ती हसली. वेदश्री तिचं नाव. हसताना ती डोळे मिटून घ्यायची.

तिच्या क्लासची एक रीत होती. दर शनिवारी प्रत्येकाने आपल्या पुढच्या आयुष्याबद्दल एक वाक्य चिठ्ठीवर लिहायचं, नाव न घालता. होणारच असेल तर 'आय अ‍ॅम बाउंड टू', बहुतेक होईल तर 'आय अ‍ॅम लाइकली टू', कठीण असेल तर 'आय अ‍ॅम अनलाइकली टू'. मग ती डब्यातून एकेक चिठ्ठी काढून मोठ्याने वाचायची. 'आय अ‍ॅम बाउंड टू गेट फॅट' ही वर्गातल्या राहुलची, हे न सांगता सगळ्यांना कळायचं.

एक चिठ्ठी मात्र दर वेळी कोरी निघायची. कोपऱ्यात ऑइलने माखलेल्या अंगठ्याचा ठसा.

पाचव्या शनिवारी तिने उमेशला थांबवून घेतलं. "कोरी चिठ्ठी टाकायला फी भरता होय?"

"पुढचं काही बोलायला नको वाटतं, मॅडम."

"का?"

त्याने सांगितलं. मथुरेचं, डॉक्टरांचं, त्या वाक्याचं. तिने हातातला खडू खाली ठेवला.

"डॉक्टर खोटं नव्हते बोलले," ती हळूच म्हणाली. "चान्स होता... पण चान्सच होता."

इतकं सरळ त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दोघं बसस्टॉपपर्यंत चालत गेली. मग दर शनिवारी जाऊ लागली. गिरमिटची पुडी एकच. शेंगदाणे तिचे, मिरची त्याची.

"मिरचीच का खाता हो तुम्ही?"

"शेंगदाणे तुम्ही शिल्लक ठेवता कुठे?"

मुलाखत झाली. जागा त्याला मिळाली. क्लासला यायचं कारण संपलं. शेवटच्या शनिवारी त्याने साबणाने दोनदा हात धुतले, चिठ्ठी लिहिली आणि डब्यात टाकली.

वेदश्री नेहमीसारखी मोठ्याने वाचू लागली. "आय अ‍ॅम अनलाइकली टू बी अ‍ॅक्सेप्टेड बाय—"

ती थांबली.

"बाय हूम, टीचर?" राहुल ओरडला.

"अक्षर लागत नाही," ती म्हणाली. कान लाल झाले होते. चिठ्ठी पर्समध्ये गेली.

सगळे गेल्यावर ती उमेशसमोर येऊन उभी राहिली. "वाक्य बरोबर आहे. अंदाज चुकलाय."

"म्हणजे...?"

"म्हणजे काय, तेही मीच सांगू? घरी वडिलांना, अप्पांना मी सांगेन. तुमच्याकडे कुणाला विचारायचं?"

उमेश म्हणाला, "मथुरेच्या आईला. हिराबाई. कलघटगीला एकट्या असतात. दर रविवारी मी तिथे जेवायला जातो. अजून जावईच म्हणतात मला."

"मग आधी त्यांना," वेदश्री म्हणाली. "अप्पांना नंतर. मी थांबते."

दोन रविवार झाले. उमेश कलघटगीला गेला, जेवला, हिराबाईंच्या गोळ्या आणून दिल्या, त्यांचा गळका नळ दुरुस्त केला. त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.