पंख नसलेला नांगर

"पंख कुठायत?" बिर्के ओरडली.

गाशे ताफेरेंच्या, म्हणजे ताफेरेकाकांच्या, अंगणात औजार भिंतीला टेकवलं होतं. औजार कसलं, नुसता सांगाडा! शेजारी शेजारी जोडलेले दोन लाकडी नांगर तेवढे होते. माती दोन्हीकडून ओढून वरंबा करणारे लोखंडी पत्रे, ज्यांना सगळं गाव पंख म्हणायचं, ते गायब. बी झाकायला मागे लावायची साखळीही गायब!

"माझ्याकडे आलं तेव्हा असंच होतं," गाशे ताफेरे शांतपणे म्हणाले. दारासमोरच्या चरावर चिखलाने माखलेलं काहीतरी आडवं टाकलेलं होतं, त्यावर ते पाय रोवून उभे होते.

"मग तुम्ही वरंबे कसे काढलेत?"

"मी नांगरलं. बायकोने आणि पोरांनी हाताने माती ओढली. तुमचे हात काय इनेवारीच्या बाजारात विकलेत?"

बिर्केच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथल्या काळ्या चिकण मातीत जुलैचं पाणी एकदा साचलं की हटत नाही आणि गहू पिवळा पडून जातो. म्हणून तो रुंद वरंब्यांवर पेरायचा आणि मधल्या सऱ्यांतून पाणी काढून द्यायचं. नांगरणी पुरुषांची. पण सऱ्यांतला चिखल ओंजळीने उपसून वरंबे रचायचं काम बायकांचं आणि मुलांचं! गेल्या वर्षी ते करता करता आईची कंबर धरली, ती आठ दिवस अंथरुणातून उठली नव्हती. यंदा शेतकी केंद्राने गावाला मिळून हे एक औजार दिलं, घराघराची पाळी ठरली. उद्या बिर्केच्या घराची पाळी होती.

घरी वडिलांना सांगितलं, तर ते बियाणं पाखडता पाखडता म्हणाले, "नाहीत तर नाहीत. पेरणी उद्याच. तुझी आई आहे, तुम्ही आहात."

"पण अब्बाये, इमायेची कंबर..."

"गेल्या वर्षी केलं ना तिने?"

आईने कमरेचं फडकं सोडून पुन्हा घट्ट आवळलं. ते पाहून बिर्के धाकट्या भावाला, देम्मेला, हाताला धरून बाहेर पडली. मागोमाग मावसभाऊ हाबते धावला. तो राजधानीहून सुट्टीला आला होता आणि आल्यापासून त्याला सगळीकडे गुन्हेगार दिसत होते.

"टोळीचं काम आहे हे!" तो म्हणाला.

"गप रे! चोर असता तर अख्खा नांगर उचलला असता. ताफेरेंच्या आधी पाळी कुणाची होती?"

"इतेते झेनेबूंची," देम्मेने सांगितलं आणि त्याचा चेहरा पडला. "त्यांचा बूला चावतो!"

झेनेबूंच्या कुंपणापाशी तिघं चोरपावलांनी पोचले. बूला जीव तोडून भुंकत होता, पण जागचा हलत नव्हता.

"हा रोज ओढ्यापर्यंत पाठलाग करतो," देम्मे पुटपुटला. "आज आला का नाही?"

बिर्केने वाकून पाहिलं. बूलाच्या गळ्यात बैलालाही जड होईल अशी जाडजूड साखळी!

चुलीपाशी इतेते झेनेबू, म्हणजे अख्ख्या गावाच्या थोरल्या ताई, इंजेऱ्याच्या पातळ भाकऱ्या भाजत होत्या. चुलीला वारा लागू नये म्हणून शेजारी एक वाकडा लोखंडी पत्रा उभा केलेला.

"इतेते, हा नांगराचा पंख आहे!"

"असेल की. काय छान आडोसा होतो गं, सरपण निम्मं लागतं! आमची पेरणी झाली होती. ताफेरेने मागितला नाही, मी दिला नाही."

"आणि साखळी?"

"ने की, हिंमत असेल तर सोड!"

हाबते लगेच चार पावलं मागे सरला. देम्मेने मात्र इंजेऱ्याचा तुकडा बूलापुढे टाकला, स्वतःच्या चड्डीची दोरी काढून त्याच्या गळ्यात बांधली आणि साखळी सोडवली. परतताना पत्रा बिर्केकडे होता; देम्मेने एका हाताने साखळी धरली होती, दुसऱ्या हाताने चड्डी.

"एक पंख मिळाला, दुसरा कुठे?" हाबते म्हणाला. बिर्के ताफेरेंच्या घराकडे वळलेली पाहून त्याने विचारलं, "पुन्हा ताफेरेंकडे कशाला?"

"इतेतेंकडे एकच होता, म्हणजे दुसरा नांगराबरोबर त्यांच्याकडेच गेला. आणि त्यांनी विचारलंच नाही कुणाला!" बिर्के चिडून म्हणाली. "पंख लागतो की नाही याचं त्यांना काही पडलेलंच नव्हतं!"

गाशे ताफेरे अजून तिथेच उभे होते. बिर्केने हातातला पत्रा पाहिला, मग त्यांच्या पायाखाली पाहिलं. तीच लांबी, तोच बाक!

"गाशे, तुम्ही पंखावर उभे आहात!"

त्यांनी खाली पाहिलं. "हा? अरेच्चा! निखळला होता, टाकला इथे, विसरलो. राहू दे आता. हा काढला तर मी घरात जाऊ कसा? पेरण्या झाल्या की ने."

"पेरण्या झाल्यावर काय उपयोग?"

पण तोवर आतून कॉफीचा वास आला आणि गाशे घरात गेले. बिर्केने दोघांकडे पाहिलं. एक, दोन, तीन! पत्रा चिखलातून सुटला.

"अरे थांबा! माझा पत्रा!" गाशे धावत बाहेर आले आणि नेहमीच्या सवयीने पाऊल टाकलं ते थेट चरात, गुडघ्यापर्यंत! महत्प्रयासाने पाय बाहेर आला. नवा कोरा बूट आतच राहिला. वरून पाऊस सुरू झाला.

"फावडं आणा!"

"चर अरुंद आहे, फावडं बूट फाडेल," दारातून त्यांची बायको म्हणाली. तिची नखं अजून मातीने काळी होती. "हाताने ओढा. हात आहेत ना?"

गाशे गुडघ्यांवर बसले. एक ओंजळ काढली की दुसरी आत घसरायची. कुंपणापाशी शेजारी जमले, मुलांना शोधत बिर्केचे वडीलही आले. कुणी हसलं, कुणी सल्ला दिला. बूट निघाला तेव्हा गाशेंना धाप लागली होती, पाठ सरळ होत नव्हती.

"गाशे," बिर्के म्हणाली, "हा एक बूट झाला. आमचं शेत इथून त्या निलगिरीपर्यंत आहे."

वडिलांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाशे ताफेरे आपला बैल घेऊन आले. प्रत्येक घरी एकच बैल, त्यामुळे जोडी नेहमी दोन्ही घरांची मिळूनच होई. त्यांनी स्वतः पंख घट्ट बसवले, साखळी अडकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यापुढे हे औजार या तिघांच्या ताब्यात! मी मागायला आलो तरी परत घेताना आधी पंख मोजा रे!"

वडिलांनी बी फेकलं आणि नांगर धरला. मागे रुंद, सरळ वरंबे उठत गेले, सऱ्यांतून पाणी वाहू लागलं. दुपारच्या आत शेत संपलं.

आई बाह्या सरसावून बांधावर उभी होती. "मी कुठून सुरू करू?" तिने विचारलं.

वडिलांनी शेताकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे.

"बस तू," ते म्हणाले. "तुझं काम पोरांनी कालच केलंय."