बिनआजारी गिऱ्हाईक

तो दुकानात शिरला, ओली छत्री कोपऱ्यात टेकवली आणि टोपी काढली. डोकं एकदम गुळगुळीत. मी लगेच खुर्ची पुढे केली.

"बसा. इथे संकोच करायचा नाही. माझेही असेच गेले होते."

केमोत केस गेले तेव्हा मला मिळालेला विग इतका टोचायचा, की भीक नको पण कुत्रं आवर! बरी झाल्यावर मी ते काम शिकले आणि आजारी माणसांसाठी मऊ अस्तराचे विग करायला लागले. त्यामुळे टक्कल दिसलं की माझा हात आपोआप टेपकडे जातो.

मी त्याच्या कपाळावरून, कानांमागून टेप फिरवली. झोप लागते का, अन्न जातं का, सगळं विचारलं. तो निमूट उत्तरं देत होता. झोप लागते... भूकही लागते, जरा जास्तच...

"केमो कितवा?"

"माझा नाही," तो म्हणाला. "ताईचा दुसरा झाला. तिचे केस गेले म्हणून मीही काढले. विग तिला हवाय."

"मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

"इतक्या मायेनं माझं डोकं कुणी धरलं नव्हतं."

मला हसू आवरेना. कान तापले ते वेगळंच.

तो सुतार होता. ताईचा विग तयार होऊन गेला, तरी त्याचं येणं थांबेना. विग ठेवायची माझी प्लास्टिकची डोकी सारखी कलंडायची, म्हणून तो लाकडाची करून आणायचा. दर खेपेला एकच.

"सगळी एकदम का नाही आणत?"

"मग पुढच्या आठवड्यात काय तोंड घेऊन येऊ?"

मी हसायचे आणि विषय बदलायचे. आजारानंतर मी कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. दुखणं उलटलं तर? जाणूनबुजून कुणाच्या गळ्यात हे लोढणं कशाला? तपासणीलाही मी एकटीच जायचे. आईला काळजी नको म्हणून, असं सांगायचे. खरं म्हणजे निकाल येईपर्यंतचा माझा चेहरा मला कुणालाच दाखवायचा नव्हता.

एक दिवस ताई विग परत द्यायला आली. डोक्यावर बोटभर केस उगवले होते. "दुसऱ्या कुणाच्या कामी येईल," म्हणाली. मग दारात थांबून हळूच म्हणाली, "भावाची निमित्तं संपत आलीत हो. काल शेजाऱ्यांना विचारत होता, कुणाचे केस गळतात का."

त्याच संध्याकाळी तो आला, रिकाम्या हातानं. बाहेर भुरभुर चालू होती.

"तुमच्या फळीवर आता जागा उरली नाही," तो म्हणाला. "म्हणून विचारूनच टाकतो... नुसताच आलो तर चालेल? कायमचा?"

मला हो म्हणायचं होतं.

"माझं दुखणं परत येऊ शकतं," मी म्हणाले. "डॉक्टरही छातीठोकपणे काही सांगत नाहीत."

"ठाऊक आहे. ताईच्या वेळी सगळं पाहिलंय. मला सगळं जमतं, फक्त कपडे वाळत घालताना तिची बोलणी खातो."

"ती बहीण आहे. तुम्ही हे मुद्दाम कशाला..."

"मुद्दामच," तो शांतपणे म्हणाला. "मला तुम्ही आवडता. आजारासकट, नसला तर त्याच्याशिवाय."

मी हातातली सुई खाली ठेवली.

"सोमवारी तपासणी आहे," मी म्हणाले. "घाबरले की मी बोलत नाही. कुणी बोललं तर चिडते."

"मी शेजारी गप्प बसेन."

"सकाळी लवकर निघायचं. तू... उशीर करू नकोस."

सोमवारी दार उघडलं तर तो पायरीवर बसलेला. मागून आईनं विचारलं, "कोण गं?"

"माझ्याबरोबर येणार आहे," मी म्हणाले. "दवाखान्यात."

आईनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मग..." ती चाचरली, "मी पण येऊ?"

मी मान डोलावली. ती चपला शोधायला आत पळाली, आणि त्यानं माझा हात धरला.