फाटकावरची गुलाबी फीत

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारी दोनची आहे. मोंटाना, ऑगस्टची एकोणीस तारीख. नॅशनल पार्कचं नाव मुद्दाम सांगत नाही, तिथली माणसं अजून नोकरीवर आहेत.

डॅरल प्रूइट माझा धाकटा भाऊ. त्या पार्कात रेंजर होता. कमरेला पिस्तूल, छातीवर बिल्ला. चोरटे शिकारी पकडायचे, दंड करायचा आणि वणवा लागला की माणसं बाहेर काढायची, हे त्याचं काम. मी त्याच ऑफिसात वायरलेसवर बसायचे.

घरं रिकामी करायची एक रीत असते. दारापर्यंत चालत जायचं. ठोठवायचं. आत डोकवायचं. कुणी नसेल तर फाटकाला गुलाबी फीत बांधायची. मागून येणारी तुकडी फीत दिसली की थांबत नाही, कारण तेवढा वेळच नसतो.

फीत म्हणजे... इथे कुणी नाही.

डॅरल डावखुरा. त्याची गाठ उलटी बसायची. आणि फीत कापायला चाकू काढायचा आळस, सरळ दाताने तोडायचा. पुढचा दात अर्धा तुटलेला, म्हणून फितीच्या टोकाला नेहमी एक बारीक चिंधी लोंबत राहायची. शंभर फितींत त्याची फीत मी ओळखली असती.

पार्कच्या हद्दीत सायलस क्रोनिन नावाचा म्हातारा एकटा राहायचा. घर पार्क व्हायच्या आधीपासूनचं, त्यामुळे त्याला कुणी हलवू शकत नव्हतं. वय एक्याऐंशी. कानांनी ठार बहिरा, जिभेला मात्र भलतीच धार. आग पेटवायला बंदी असली तरी हा पठ्ठ्या अंगणात कचरा जाळायचा. तिसऱ्यांदा सापडला तेव्हा डॅरलने त्याला दुकानासमोर, चारचौघांत बेड्या घातल्या.

"बिल्ला लावला म्हणून जंगल तुझ्या बापाचं झालं का रे?" म्हातारा ओरडला.

लोक खो-खो हसले. डॅरल लालबुंद झाला.

"याला एक दिवस असा धडा शिकवतो की बघच," संध्याकाळी तो मला म्हणाला.

"जाऊ दे रे. म्हातारं माणूस आहे."

"म्हातारं असेल. पण आहे हरामखोर."

नऊ दिवसांनी वणवा आला.

सगळी घरं रिकामी करत डॅरल पुढे चालला होता. दोन वाजून दहा मिनिटांनी वायरलेसवर त्याचा आवाज आला.

"पार्क बारा. क्रोनिनचं घर. दार ठोठवलं. उत्तर नाही. गाडी नाही. घर रिकामं."

मागची तुकडी फीत बघून पुढे गेली.

चार दिवसांनी आग विझल्यावर म्हातारा सापडला, धुराने गुदमरून मेलेला. दाराच्या आत, खुर्चीवर. पायांत बूट, मांडीवर बॅग. गाडी त्याने दुरुस्तीला टाकली होती. धूर दिसल्यावर बिचारा तयार होऊन बसला होता... कुणीतरी न्यायला येईल म्हणून.

चौकशी झाली. डॅरलने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दार ठोठवलं, उत्तर नाही, गाडी नाही. प्रकरण मिटलं.

आम्हाला तरी तसं वाटलं.

बरोबर एक वर्षाने, तीच तारीख. पुन्हा वणवा, पण या वेळी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. आमच्या वस्तीला धोका नव्हता. आमचे बाबा डॅरलकडे असायचे. अर्धांगवायू झालेला, कूस बदलायलाही माणूस लागायचं. त्यांना सांभाळणारी बाई औषधं आणायला शहरात गेली होती.

दीड वाजता वारा फिरला. आग डोंगर ओलांडून वस्तीकडे उतरायला लागली. शेरीफची माणसं घरोघर निघाली. बाबांना आधी उचला, असं मी त्यांना दोनदा बजावलं होतं.

डॅरल रात्रभराच्या ड्युटीवरून नुकताच ऑफिसात आला होता. शेरीफची माणसं बाबांना आणतायत असं मी सांगितलं, म्हणून माझ्यासमोर उभा राहून कॉफी ओतत होता.

दोन वाजून दहा मिनिटं.

वायरलेस खरखरला...

"पार्क बारा. प्रूइटचं घर. दार ठोठवलं. उत्तर नाही. गाडी नाही. घर रिकामं."

पार्क बारा म्हणजे डॅरल.

आवाज डॅरलचा.

आणि डॅरल माझ्यासमोर उभा होता... तोंड मिटून.

त्याच्या हातातला कप खाली पडला. पाठोपाठ शेरीफच्या माणसाचा आवाज आला, "प्रूइटकडे फीत आहे. पुढे निघतोय."

"अरे थांबा! आत माणूस आहे! मागे फिरा!" मी घसा फोडून ओरडले. एकदा नाही, दहादा. पलीकडून नुसती खरखर.

डॅरल केव्हाच धावत सुटला होता.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं, तेही एकदाच.

दुपार असून गाडीचे दिवे लावावे लागत होते, इतका धूर. घराच्या मागची झाडं पेटली होती. फाटकाला गुलाबी फीत. उलटी गाठ. टोकाला चिंधी. ती बघताना त्याच्या तोंडात प्लास्टिकची चव आली... जणू आत्ताच दाताने तोडलीय.

घरात वीज नव्हती. बाबांचा खोकला दिवसभर चालायचा, तोही ऐकू येत नव्हता. बाबांच्या खोलीचं दार आतून बंद. त्या दाराला आतून कडीच नाही हो.

त्याने दार ठोठवलं. "बाबा!"

त्याने दाराला कान लावला.

मग आतून... टक. टक. टक.

त्याने खांद्याने दार फोडलं. बाबा पलंगाच्या कडेला ताठ बसले होते. वर्षभर स्वतःहून न बसलेले बाबा! पायांत बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. मांडीवर बॅग. शेजारी एक खुर्ची ओढलेली, आणि तिच्यावर बसणाऱ्याच्या आकाराची काजळी.

डॅरलने त्यांना खांद्यावर टाकलं आणि गाडीत घातलं. वस्तीच्या पुलापाशी पोचेपर्यंत मागे छप्पर कोसळल्याचा आवाज आला.

तेव्हा बाबा बोलले.

"एक म्हातारा आला होता. मी म्हटलं, मला बाहेर काढा. तो म्हणाला, बसू की, मीपण असाच बसलो होतो."

डॅरलने गाडीचा वेग वाढवला.

"जाताना एवढंच म्हणाला, पोराला विचारा." बाबांनी मान वळवली. "ठोठवलं होतंस का रे त्याचं दार?"

चौकशीत छातीठोक खोटं बोललेला माझा भाऊ. बापापुढे त्याला ते जमेना.

"नाही," तो म्हणाला.

बाबांनी तोंड फिरवलं. नोव्हेंबरमध्ये ते गेले. तोवर ते माझ्याशी बोलायचे, नर्सशी बोलायचे, पण डॅरल खोलीत आला की भिंतीकडे तोंड फिरवायचे. तो उशाशी बसून ढसाढसा रडायचा, माफी मागायचा. शेवटपर्यंत एक शब्द नाही. डॅरलने नोकरी सोडली, राज्य सोडलं. म्हाताऱ्याने बरोबर जागा हेरून घाव घातला.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण खरंच सांगायचं म्हणून बसलेय, तर सगळं सांगते.

त्या पहिल्या वणव्यात डॅरल दोन वाजून आठ मिनिटांनी क्रोनिनच्या फाटकाअलीकडच्या पुलावरून वायरलेसवर बोलला होता. दोन-दहाला म्हणाला, क्रोनिनचं घर रिकामं. फाटकापासून दारापर्यंतच दहा मिनिटांची चढण आहे. तो दारापर्यंत गेलाच नव्हता, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तेव्हा वायरलेसवर नुसतं 'दारापर्यंत गेलास का?' असं विचारलं असतं, तरी ते ऐकून मागची तुकडी थांबली असती. मी विचारलं नाही. चौकशीच्या आधी माझ्या नोंदीतले दोन-दहा खोडून मी दोन-वीस केले. भाऊ आहे माझा.

आज ऑगस्टची एकोणीस तारीख.

सकाळी माझ्या फाटकाला गुलाबी फीत होती. उलटी गाठ, टोकाला चिंधी. मी ती सोडवून जाळली. दुपारी बघते तर पुन्हा तिथेच. डॅरलला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "घरात बसू नकोस. लोकांना दिसशील अशी बस."

म्हणून रस्त्याच्या कडेला, फाटकाशी खुर्ची टाकून हे लिहितेय. डोंगरापलीकडे धूर दिसतोय.

आत्ताच तुकडीची गाडी आली. मी उठून दोन्ही हात हलवले, हाका मारल्या. चालवणारा पोरगा माझ्या ओळखीचा. गाडी हळू झाली. त्याने माझ्याकडे बघितलं... नाही, माझ्या मागच्या फितीकडे बघितलं.

आणि गाडी पुढे निघून गेली.