शेऱ्याचा रकाना

काजितानीने मला पाठवलेला पहिला कागद कोरा होता. दुसराही कोरा. तिसरा, चौथा... सातवा कागद किर्र करत फॅक्समधून बाहेर आला तेव्हा माझा संयम संपला.

हसाल तुम्ही, पण आमच्या डब्यांच्या दुकानात अजून फॅक्स आहे. आमचं गाव जपानच्या समुद्राकाठचं, लहानसं. शाळा, दवाखाना, मासळीबाजार, सगळ्यांच्या दुपारच्या जेवणाची ऑर्डर सकाळी साडेनऊच्या आत फॅक्सवरच येते. बाबांचा छापील फॉर्म असतो. मासा किती, चिकन किती, भात कमी की जास्त, आणि अगदी खाली शेऱ्याचा रकाना. कागद आला की बाबा तो खिळ्याला टोचतात आणि आई तळण सुरू करते. त्या दिवशी नगर कार्यालयाकडून येणाऱ्या कागदांवर मात्र वर त्यांचा नंबर आणि वेळ, बाकी काहीच नाही. फोन करावा तर लाइन गुंतलेली, कारण त्याच लाइनवरून पुढचा कोरा कागद येत होता!

"जा, बघून ये," बाबा म्हणाले. "चौतीस डबे आहेत. उशीर झाला तर सगळ्यांना मासाच खायला घालीन."

ऑक्टोबरातली रिमझिम चालू होती. छत्री न घेता, ॲप्रनवरच मी धावत सुटले. कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक उंच तरुण फॅक्सपुढे उभा होता. टाय खांद्यावर टाकलेला, कान लालबुंद.

"हे जात का नाहीये?" तो यंत्रालाच विचारत होता. "आठव्यांदा घालतोय. दर वेळी कागद परत बाहेर येतो..."

मी त्याच्या हातातला कागद काढून घेतला.

"कागद जात नाही हो. अक्षरं जातात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे. मग परत माझ्याकडे.

"म्हणजे कागद... इथेच राहतो?"

"इथेच. आणि तुम्ही तो उलटा घालताय. सकाळपासून आमच्याकडे सात कोरे कागद आलेत."

"सात?" त्याने तोंडावर हात ठेवला. आणि मग तो असा काही हसला, की रागवायला आलेली मी तिथेच हसत सुटले. केसांतून पाणी ओघळत होतं. त्याने खिशातला रुमाल पुढे केला, पण द्यावा की नाही अशा संभ्रमात, अर्ध्यावरच. मी तो ओढूनच घेतला.

नाव काजितानी शुहेई. वय सत्तावीस, माझ्याहून एका वर्षाने लहान. मोठ्या शहरातून नुकताच बदलून आलेला. आणि आमच्या कार्यालयात त्याला कशासाठी आणलं होतं, माहीत आहे? मार्चअखेर फॅक्स बंद करून सगळी कामं मोबाइलवर नेण्यासाठी! ज्याला फॅक्स लावता येत नाही, तो फॅक्स बंद करणार. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी हातातला चिमटाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी कागद सरळ आला. मासे एकवीस, चिकन तेरा. आणि शेऱ्याच्या रकान्यात, शाळकरी मुलासारख्या नीटस अक्षरांत: "आज सुलटा आहे का?"

ऑर्डर मिळाल्याची पोच आम्हीही फॅक्सनेच देतो. मी पोचेच्या खाली लिहिलं: "सुलटा आहे. रुमाल धुतलाय."

मग रोजचंच झालं. "कालचं अंड्याचं ऑम्लेट गोड होतं. चूक की मुद्दाम?" – "आमच्याकडे चुका होत नाहीत." – "मग आज दोन तुकडे मिळतील का?" – "एक. लाडावू नका." सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी यंत्र कुरकुरायला लागलं की माझे हात भातावरून आपोआप थांबायचे. गोची एवढीच होती, की फॅक्स होता बाबांच्या कोपराशी. माझ्या आयुष्यातली सगळी गोड वाक्यं आधी ते वाचत, आणि तीही मोठ्याने.

"'शेरा: समुद्राला आज चांदीचा रंग आहे. डबे आणताना पाहा.' ही ऑर्डर आहे?" बाबा चष्म्यावरून बघत. "समुद्र कुठल्या डब्यात भरायचा?"

आई मागे कढईपाशी खुसखुसत असे.

तुम्ही म्हणाल, फोन नंबर द्यायचा की सरळ! आईही तेच म्हणायची. पण माझं आधीचं प्रेम मोबाइलवरच संपलं होतं. त्याला मी लिहिलेल्या शेवटच्या मेसेजखाली 'वाचलं' ही खूण दोन आठवडे तशीच होती. वाचलं, आणि गप्प. फॅक्सला तसली खूण नाही. समोरच्याने उत्तर दिलं तर दिलं, नाहीतर बिचाऱ्याचा कागद संपला असेल, असं म्हणता तरी येतं.

"तुम्ही दोघं वेडे आहात," आई म्हणायची. "आम्ही ह्या कटकटींतून कसेबसे सुटलो, आणि तुम्ही त्याच हौसेने परत ओढून आणताय."

पण बोलणारी आई स्वतः काही कमी नव्हती. एका शनिवारी काजितानी दुकानात आला तो कानाला हेडफोन आणि कमरेला कॅसेट प्लेअर लावून. जुन्या बाजारात मिळाला म्हणे. आईने विचारलं, काय ऐकतोस? त्याने हेडफोन तिच्या कानाला लावला, आणि साठीकडे झुकलेली माझी आई गल्ल्यामागे उभी राहून दोन्ही हात हवेत फिरवायला लागली. तिच्या तरुणपणीच्या लाडक्या गायिकेचं गाणं होतं ते. त्या बाईसारखे केस कापून घेतले म्हणून आजोबांनी आठवडाभर अबोला धरला होता, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या शनिवारी आईने कपाटातला बिस्किटांचा डबा काढला. आत त्या गायिकेचे फोटो छापलेली, रस्त्यावरच्या फोनमध्ये घालायची टेलिफोन कार्डं, मिनिटं वापरली तशी भोकं पडलेली. दोघं त्यावर तासभर बोलत बसले, आणि मी कोबी चिरत राहिले.

"मला भेटायला येतो की तुला?" मी आईला चिडून विचारलं.

"मला," आई म्हणाली. "तू काय, कोबी चिरतेस."

बाबा मात्र बधत नव्हते. "कागदावर समुद्र रंगवतो, ह्याला काय करायचंय?" ते एकदा काजितानीच्या देखतच म्हणाले. "आमच्या वेळी मुलीशी बोलायचं तर तिच्या घरी फोन लावावा लागे. आणि उचलायचा कोण? बाप! रस्त्यावरच्या बूथमध्ये उभं राहायचं, कार्डावरची मिनिटं संपत चाललेली, आणि पलीकडे बाप. तेव्हा माणसाला कळतं आपल्याला काय हवंय ते. आता पडल्या पडल्या अंगठा फिरवतात."

"ह्यांनी अकरा वेळा माझ्या वडिलांचा आवाज ऐकून फोन ठेवला होता," आई म्हणाली. "अकरा!"

"बाराव्यांदा बोललो ना?" बाबा गुरगुरले. काजितानी हसला नाही. मान खाली घालून त्याने आपला डबा नीट कापडात बांधला.

मार्चच्या मध्यावर दोन बातम्या एकाच दिवशी आल्या. एक तारखेपासून कार्यालयाच्या ऑर्डरी मोबाइलवर. त्यात मासा, चिकन, भात सगळं होतं, शेरा नव्हता. आणि बदल्यांच्या यादीत काजितानीचं नाव होतं. काम पूर्ण केलं म्हणून त्याला तीन तासांवरच्या मुख्य कार्यालयात बोलावलं होतं. म्हणजे आमच्याकडे पंधरा दिवस होते, आणि पंधरा कागदसुद्धा नव्हते, कारण शनिवार-रविवार सुट्टी.

मी वाट पाहिली. आज लिहील, उद्या लिहील... मी का लिहू आधी? मोठी असले म्हणून काय झालं! अठ्ठावीस तारखेला शेऱ्यात एक लांबलचक ओळ आली, पण त्याने ती लिहून खोडली होती. आणि खोडलेलं फॅक्समधून येतं ते नुसता काळा पट्टा होऊन. मी तो कागद खिडकीशी धरला, तिरका केला, पाठीमागून पाहिला. एक अक्षर दिसेल तर शपथ. "खाडाखोड चालत नाही," म्हणत बाबांनी तो काढून घेतला आणि खिळ्याला टोचला.

एकतीस तारखेला शेवटची ऑर्डर आली. मासे वीस, चिकन चौदा. शेरा: "आजवरच्या सेवेबद्दल आभारी आहोत."

आहोत! त्याने कार्यालयाच्या वतीने माझा निरोप घेतला होता. मी अशी तळपायापासून पेटले की त्या दिवशी बटाट्याच्या टिक्क्यांच्या दोन घाणे करपवले. पोच पाठवलीच नाही. डबे पोचवायला आईला धाडलं. ती परत आली ती गाणं गुणगुणत. मला तिचाही राग आला.

अडीच वाजता दुकानाचा फोन वाजला. फळीशी गावातल्या तीन बायका उरलेल्या भाज्या घ्यायला उभ्या होत्या. बाबांनी उचलला.

"इशिदो डबे. ...कोण?" त्यांच्या भुवया वर गेल्या. "काजितानी? कुठले काजितानी?"

माझ्या हातातला झारा कढईत पडला.

"चिना," आईने मला हाक मारून काचेकडे हनुवटी केली. "बाहेर बघ."

रस्त्यापलीकडे बसथांब्याशेजारचा हिरव्या फोनचा काचेचा बूथ. वर्षानुवर्षं त्यात कोणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं. आज आत काजितानी होता, ताठ उभा, रिसीव्हर कानाला, दाराला टेकवलेली छत्री गळतेय.

"तू दिलंस ना कार्ड?" मी आईला म्हणाले.

"मी काय, एक जुनं कार्ड दिलं. मिनिटं मात्र फार नाहीत त्यात, तीनेक असतील. तुझ्या बाबांशी बोलायचंय, हे त्याने आधी नाही का सांगायचं मला!"

आणि बाबा? बाबा स्टुलावर बसले. पाय पसरले.

"हं, बोला. तिकडे हवा कशी आहे? ...तुम्ही आमच्याच समोर आहात होय? म्हणजे इथल्यासारखीच. आई-वडील बरे आहेत ना? नव्या जागी राहायची सोय झाली?"

बूथमधून काजितानीने मला पाहिलं. हळूच हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं.

"बाबा!"

"मी बोलतोय ना! ...तर काजितानीसान, आमचे डबे कसे वाटले सहा महिने? मासा जरा खारट नव्हता?"

एक बोट.

"बाबा, त्याचं कार्ड संपतंय!"

"संपू दे की. माझंही संपत असे." पण त्यांचा आवाज जरा बदलला. ते उठून उभे राहिले, फोन दोन्ही हातांनी धरला. "बोला. कशासाठी फोन केलात ते बोला."

रिसीव्हरमधून काजितानीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, इतका तो ओरडला. "मी काजितानी शुहेई! मला आपल्या चिनात्सुसानशी... मला गेले सहा महिने..."

टूंऽऽ.

बाबा रिसीव्हरकडे बघत राहिले. "कट झाला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता. "काय म्हणत होता तो?"

इतके दिवस मी त्याच्या एका ओळीची वाट पाहत होते. तीन बायका, आई, बाबा, सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मला अचानक लख्ख कळलं, की त्याची ओळ मला पाठ आहे.

"त्याचं माझ्यावर प्रेम आहे, असं म्हणत होता," मी म्हणाले. मोठ्याने, बाबा त्याचे शेरे वाचत तसं. "आणि माझंही त्याच्यावर आहे. पहिल्या दिवसापासून. तीन तासांवर गेला काय नि तीसवर गेला काय, मी त्याला सोडणार नाही!"

"अगंबाई," एक बाई म्हणाली आणि तिने भाजीची पिशवी खाली ठेवली.

बाबांनी घसा खाकरला. "ते झालं तुझं. त्याच्या तोंडून कुठे ऐकलं मी?" मग ॲप्रनच्या खिशात हात घालून त्यांनी दहा येनचं एक नाणं काढलं आणि फळीवर ठेवलं. "हे दे त्याला. म्हणावं, पुन्हा लाव. ह्या खेपेला हवापाणी नाही विचारणार."

मी नाणं मुठीत धरलं आणि रस्ता ओलांडला. काजितानी बंद पडलेला रिसीव्हर धरून तसाच उभा होता, कान पहिल्या दिवसाइतकेच लाल.

"मी... कार्ड..." तो म्हणाला. "आणि तो शेरा साहेबांनी लिहायला लावला. माझा मी सतरा वेळा लिहिला, पण तुमचे बाबा मोठ्याने वाचतात..."

"सरक," मी म्हणाले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मी त्याला अहो-जाहो केलं नाही. आत दोघांपुरती जागा नव्हतीच. काचा आमच्या श्वासांनी धुरकटल्या. मी नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं आणि हात मागे घेतला नाही.

"आधी त्यांना सांगू," तो पुटपुटला, "की तुला?"

"मला."

तो वाकला, आणि माझ्या कानाशी, एकही शब्द न खोडता, त्याने सगळं सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. तेवढं एक तरी कोणी मोठ्याने वाचायला नको.

मग त्याने नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला बाबांनी उचलला. काजितानी एका दमात बोलला, कुठेही न अडखळता. मी त्याचा टाय घट्ट धरून ठेवला होता.

"रविवारी पहिल्या बसने या," पलीकडून बाबांचा आवाज आला. जरासा घोगरा. "दर रविवारी या. आणि दोघं आता बाहेर निघा, अर्धा गाव बघतोय."

मी बाहीने काच पुसली. खरंच, बसथांब्यावरची माणसं, दारात आई, त्या तीन बायका, सगळे आमच्याकडेच बघत होते. आमच्या गावात भर रस्त्यात कोणी कोणाचा हातही धरत नाही. मी शुहेईचा टाय खाली ओढला आणि सगळ्यांच्या देखत, भर दुपारी, त्याचा मुका घेतला.